गळ

मराठीत 'गळ' या शब्दाला दोन लिंगं आहेत. माशाच्या घशात अडकतो तो गळ आणि नातेवाईक घालतात ती गळ. व्याकरणापुरता हा फरक खरा आहे. परिणामाच्या बाबतीत मला तरी तो कधी जाणवला नाही. दोन्हींत वर काहीतरी चविष्ट लावलेलं असतं आणि आत काय आहे ते घशाशी आल्याशिवाय कळत नाही.

माझ्या घशाशी आली ती साडूंनी घातलेली गळ. वर लावलेला होता हुरडा.

आमचे साडूभाऊ चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला राहतात. चाकण म्हटलं की माझ्या पिढीला कांद्याचा बाजार आठवतो, आणि शाळेत इतिहासाला बरे मार्क असतील तर फिरंगोजी नरसाळा. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अवाढव्य फौजेला या माणसाने एवढ्याशा भुईकोटावर पन्नासांहून अधिक दिवस तिष्ठत ठेवलं होतं. आज ती परंपरा तळेगाव चौकातली वाहतूक चालवते. मोटारींचे कारखाने आले तशी साडूंची अर्धीअधिक जमीन गेली आणि पैसे आले. पैशांचा बंगला झाला, बंगल्यापुढे गाडी झाली, गाडीतून मुलीची वरात झाली, आणि उरलेले पैसे ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने, पण जरा घाईने, निघून गेले. शिल्लक राहिली ती तीन एकर आणि एक शेततळं. सरकारने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' अशी योजना काढली होती, आणि मागणं या विषयात आमच्या साडूंना कुणी शिकवावं लागत नाही.

हुरडा खाऊन झाल्यावर ते मला तळ्यावर घेऊन गेले. काळ्या प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं ते चौकोनी तळं. काठावर चार बाकडी, चार रंगीत छत्र्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या दहाबारा काठ्या. प्रत्येक काठीला रीळ.

"पाव्हणं, आता मासेमारी पर्यटन!" साडू म्हणाले.

ही कल्पना त्यांना पवना धरणाच्या काठावर सुचली होती. तिथे शनिवार-रविवारी ओळीने तंबू लागतात. "शहरातली माणसं पैसे देऊन भुईवर झोपत्यात, पाव्हणं!" हे सांगताना त्यांचा आवाज भक्तीने भरून आला होता. मला जरा लागलंच. ज्या माणसाने निम्मं आयुष्य भुईवर झोपून, काटकसर करून, निगडीच्या प्राधिकरणात एक लाकडी पलंग केला, त्याला हे ऐकवू नये. पण साडूंचा अभ्यास दांडगा होता. बारामतीकडे पळशीवाडीला २००५ पासून कृषी पर्यटन चालू आहे, २०२० साली राज्य सरकारने त्याचं धोरणसुद्धा जाहीर केलं, हे सगळं त्यांना पाठ. त्यांच्या मते गाय दाखवून झाली, बैलगाडी फिरवून झाली, हुरडा तर हल्ली पुण्यात सोसायटीच्या गच्चीवरही मिळतो. मासा तेवढा कुणी हाताळला नव्हता. तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले होते. अर्ध्या दिवसाला काठीचं भाडं ५०० रुपये, चहा-भजी वेगळी. आणि एक नियम, पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा.

"का?" मी विचारलं.

साडूंनी माझ्याकडे, शाळामास्तर ढ पोराकडे पाहतो तसं पाहिलं. "एकच मासा दहा गिऱ्हाइकांना विकता येतो, पाव्हणं. चाकणच्या एका तरी कारखान्याला हे जमलंय का?"

नव्हतं जमलं. मी गप्प बसलो. तेवढ्यात दुसरा गळ आला. "तुम्ही लिहिता-बिहिता. आपल्याला एक माहितीपत्रक करून द्या. आणि वर फाटकावर लावायला बोर्ड. त्यात ते निसर्ग, शांती, अध्यात्म... तुमचं ते काय असतं ते सगळं घाला."

त्या दिवशी तळ्यावर चिंचवडहून आलेलं एक कुटुंब होतं. वडील कुठल्याशा मोटार कंपनीत इंजिनियर असावेत, कारण रिळाकडे ते संशयाने पाहत होते. तासाभराने त्यांच्या दोरीला हिसका बसला. आरडाओरडा झाला, काठी वाकली, आणि हातभर लांबीचा रोहू काठावर येऊन आपटायला लागला. फोटो निघाले. राखणीला ठेवलेला एक कातकरी म्हातारा पुढे झाला. त्याने ओल्या हातांनी मासा धरला, अंगठ्याने गळ असा काही सोडवला की मला माझ्या दातांच्या डॉक्टरची आठवण येऊन दुःख झालं, आणि मासा पाण्यात गेला. इंजिनियरांचा सातआठ वर्षांचा मुलगा मात्र रडवेला झाला होता.

"बाबा, त्याला दुखलं?"

"माशांना दुखत नाही, राजा."

मुलाने निकालासाठी माझ्याकडे पाहिलं. पांढरे केस असले की हा त्रास होतो. "आजोबा, खरंच नाही दुखत?"

मी 'हं' म्हणालो. मराठीत 'हं' हा एक असा शब्द आहे की त्यावर कुणी खटला भरू शकत नाही. पण मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, आणि त्याच्यामागे तो म्हातारा हात पुसत उभा होता. तो हळूच, तळ्याकडे बघत म्हणाला, "सोडायचाच, तर धरायचा कशाला?" थोडं थांबून त्याने पुढचंही सांगितलं. "आन् धरलाच, तर सोडायचा कशाला?"

मी तत्त्वज्ञानाचा माणूस नव्हे. मासा आणि मी यांचा परिचय आजवर ताटात झालेला. तोही रविवारी. पिंपरीच्या बाजारातून सुरमई आणताना माझ्या मनात नैतिक प्रश्न म्हणून जो काही येतो तो भावाचा. पण माहितीपत्रक लिहायला बसलो आणि 'या, मासे पकडण्याचा निर्मळ आनंद लुटा' या पहिल्याच वाक्यात 'निर्मळ' शब्दाशी अडलो. मग वाचायला लागलो. न लिहिण्याचा हा एक प्रतिष्ठित मार्ग आहे.

माशांना दुखतं का, यावर मोठमोठे लोक भांडलेले आहेत. २००३ साली लिन स्नेडन नावाच्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. ते मासे कितीतरी वेळ खायला येईनात, आणि काही तर तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले. त्याआधी वर्षभर जेम्स रोझ नावाच्या गृहस्थांनी सांगून ठेवलं होतं की, वेदना जाणवायला मेंदूचा जो थर लागतो तो माशांना नाहीच. त्या थराशी माझा परिचय नाही. पण ओठ घासणं मला कळतं. गरम चहाने भाजलं की मीही तेच करतो.

त्याहून मौज वाटली ती कायद्यांची. मासा पकडून खाल्ला तर स्वित्झर्लंडमध्ये कुणी काही म्हणत नाही. पण परत सोडण्याच्याच बेताने पकडला तर तो गुन्हा. जर्मनीतही प्राण्याला इजा करायची तर त्याला सबळ कारण लागतं. पोट हे कारण धरतात, गंमत धरत नाहीत. म्हणजे भामा नदीकाठचा एक निरक्षर म्हातारा आणि स्वित्झर्लंडचं सरकार यांचं एकमत झालेलं होतं, आणि मध्ये मी, ५०० रुपयांच्या काठीचं माहितीपत्रक हातात घेऊन.

आपल्याकडे या बाबतीत शोध घेतला तर हाताला लागतो तो अर्जुन. त्याने मत्स्यवेध केला. पण तो मासा यंत्रावरचा होता. खेळच करायचा तर लाकडाचा मासा करावा, एवढी अक्कल द्रुपदाला होती. आमच्या साडूंना हे सांगितलं तर ते लाकडी माशाचंही भाडं लावतील, म्हणून बोललो नाही.

एवढं झाल्यावर मी माहितीपत्रकाला नकार देऊन मोकळा व्हायला हवा होतो. पण आमच्या टूलरूममधले एक जुने सहकारी भेटले. हे गृहस्थ तरुणपणी मुंबईत असताना पवईच्या तलावावर गळ टाकून रविवारचे रविवार बसलेले. मी आपली नवी नीती त्यांना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं (गळवाल्यांना हे साधतं) आणि विचारलं, "खुद्री मासा पाहिलाय का कधी?"

खुद्री म्हणजे आपला म्हशीर. देहूच्या डोहातला देवमासा. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने १८३९ साली मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि नाव ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचंच ठेवलं. जगभरच्या ग्रंथांत तो आजही 'टॉर खुद्री' आहे. ज्या मुळेला दापोडीशी आपली पवना मिळते, त्या पाण्यातला हा मासा! मी तीस वर्षं दापोडीचा पूल ओलांडला, पण खाली पाहिलं ते फक्त नाक दाबताना.

"हा मासा संपत चालला होता," सहकारी सांगत होते, "तेव्हा वाचवायला कोण धावलं?" लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात म्हशिराची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यशास्त्रज्ञांनी मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचं वीर्य त्यावर मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्लं वाढवायची, अशी सगळी रीत बसवली. ती पिल्लं राज्याराज्यांत गेली. आणि या पिल्लांची वाट कोण बघत होतं, तर गळवाले. मासा कमी झाला हे पहिल्यांदा त्यालाच कळतं जो दिवसभर त्याची वाट बघत बसतो. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरीला गळाचं पर्यटन कित्येक वर्षं चाललं, तिथे पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच पाहुण्यांचे सोबती म्हणून पगार मिळाला. ज्याला मारायचं त्यालाच राखायचं, असा उलटा प्रकार.

माझी नीती डळमळली. सहकाऱ्यांनी मग, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, उरलेलंही सांगितलं. कावेरीत गळवाल्यांच्या हौसेसाठी जे म्हशीर सोडले त्यांत हे आपले लोणावळ्याचे खुद्री होते. ते तिथे इतके फोफावले की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड असलेला म्हशीर मागे पडत गेला आणि २०१८ साली अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसला. प्रेमाने सोडलेल्या माशाने घर बळकावलं. हे ऐकून मला आमच्या सोसायटीतल्या एका भाडेकरूची आठवण झाली, पण तो विषय न्यायालयात आहे.

त्या रात्री झोप आली नाही. नीतीमुळे नव्हे. एका जुन्या टाकीमुळे.

मी तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. तिथे प्लेटिंगचा विभाग होता. मागे एक टाकी होती. पावसाळ्यातल्या पहिल्या धुवांधार रात्री ती टाकी 'मोकळी' होत असे. कोण करायचं, कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी विचारत नसे. सकाळी नाल्याचं पाणी जरा रंगीत असायचं आणि पाऊस ते दुपारपर्यंत धुऊन न्यायचा. मी टाकीच्या झडपेला कधी हात लावला नाही. माझं काम वहीचं. आम्ल किती आलं, किती लागलं, किती शिल्लक. शिल्लक माझ्या वहीत नेहमी जुळायची. नाला पुढे कुठे जातो ते माझ्या खात्यात येत नव्हतं.

तो जातो नदीला. सगळे नाले जातात. पवनेत आणि इंद्रायणीत मासे मरून तरंगल्याची बातमी पेपरात आली, की मी 'अरेरे' म्हणून पान उलटतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आलेला मी पाहिलाय. त्यात उभं राहून लोक स्नान करत होते. हीच इंद्रायणी वर लोणावळ्याकडे उगम पावते, जिथे दुसरी माणसं खुद्रीची पिल्लं ट्रेमध्ये जपत बसली होती. वर जपणं आणि खाली आम्ही. त्या इंजिनियरांनी निदान मासा हातात धरला होता. त्याचा डोळा पाहिला होता. मी आयुष्यात एकाही माशाला गळ लावला नाही आणि किती मारले त्याचा हिशेब माझ्या वहीत नाही. अर्थात त्यामुळे इंजिनियरांचा गळ बोथट होत नाही, हेही मला समजत होतं. दुसऱ्याचं पाप लहान निघालं म्हणून ते पुण्याच्या रकान्यात टाकता येत नाही. स्टोअर्समध्ये ही चूक नवशिके करत.

पुढच्या आठवड्यात मी परत तळ्यावर गेलो. साडूंना वाटलं, मजकूर घेऊन आलो. मी म्हटलं, आधी एकदा बसून बघतो.

दोन तास काही झालं नाही. म्हातारा शेजारी उकिडवा बसला होता. कणकेची गोळी गळाला कशी लावायची ते त्याने दाखवलं. गळाचं टोक जराही दिसता कामा नये. बोलता बोलता कळलं की पूर्वी ओढ्यात, नदीत जाळं टाकून त्याचं घर चालायचं. आता धरणाच्या पाण्याला ठेका असतो आणि खालच्या नदीतल्या माशाला वास येतो. इकडे मंचरच्या बाजूला डिंभ्याच्या धरणात मात्र, ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या महादेव कोळी आणि कातकरी लोकांनीच 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने मासेमारीची सोसायटी उभी केली, आणि त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मी त्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, "त्ये धरल्याले खात्यात का सोडत्यात?" मी म्हटलं, खातात, विकतात. त्याने मान हलवली. त्याचं समाधान झालं. मग म्हणाला, साडूंची मजुरी काही वाईट नाही. रोज येते.

आणि तेवढ्यात बूच बुडालं.

आता इथे मला खरं लिहायला पाहिजे. दोरी ताणली गेली आणि पाण्याखालून कुणीतरी माझा हात धरून ओढल्यासारखं झालं. काळजाचा ठोका चुकला आणि नंतर नुसता धावत सुटला. स्नेडनबाई, स्वित्झर्लंड, अर्जुन, टाकी, कुणी कुणी आठवलं नाही. मी ओरडत होतो. सहासष्ट वर्षांच्या देहात एवढा आनंद शिल्लक आहे याचा मला पत्ता नव्हता. माझ्या लग्नाच्या फोटोत मी एवढा खूश दिसत नाही. (हा मजकूर घरी वाचून दाखवताना हे वाक्य गाळलेलं आहे.)

कटला निघाला. चांगला दीड किलोचा. म्हाताऱ्याने त्याच्या तोंडात बोट घातलं आणि तिथेच थांबला. "खोल गिळलाय, सायेब." कल्ल्यांतून रक्त येत होतं. "सोडून उपेग न्हाय. रातच्याला वर येईल पालथा."

मासा तोंड उघडत होता आणि मिटत होता. देवाच्या भेटीसाठी होणारी तळमळ सांगताना तुकोबांनी पाण्याबाहेरच्या मासोळीचीच उपमा घेतली आहे. त्यांनी ती जवळून पाहिली असणार, इंद्रायणीच्या काठी राहत होते. मी आज पाहत होतो.

साडू धावत आले. "सोडा, सोडा! नियम नियम आहे. आणि तळ्यात आकडा राहिला पाहिजे."

"मरणार आहे तो."

"मरू दे की पाण्यात. लोकांना काय दिसतंय?"

हे वाक्य मी कुठेतरी आधी ऐकलेलं होतं. बहुतेक प्लेटिंगच्या मागच्या बाजूला. मी म्हटलं, मासा बाबा घरी घेऊन जातील. साडू म्हणाले, आज एकाला दिला तर उद्या प्रत्येक गिऱ्हाईक मागेल. मग धंदा कसला? त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी तो ताणकाट्याला लावला. साडूंच्या नात्यात सवलत धरून ३०० रुपये झाले. मी दिले. म्हाताऱ्याने मासा पळसाच्या पानात गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही न्हाय खानार?"

मी म्हटलं, आज नको.

"मंग धरला कशाला?"

माहितीपत्रक मी लिहून दिलं. साडूंच्या नात्यात लेखणी मोडता येत नाही. त्यात निसर्ग घातला, शांतीही घातली, आणि 'ज्याला खायचा असेल त्याने वजनावर पैसे देऊन मासा न्यावा, जो खोल गिळेल तो सोडू नये' एवढा एक नियम घातला. अध्यात्म वगळलं. साडूंनी नियम ठेवला, कारण वजनावर पैसे हे शब्द त्यांना आवडले. फाटकावरच्या बोर्डाचं काम त्यांनी पेंटरलाच दिलं आहे. त्यावर मासा हसताना दाखवलाय.

परवाच्या एकादशीला सासूबाईंना घेऊन देहूला गेलो होतो. त्या दर वेळी माशांसाठी घरून कणकेच्या गोळ्या करून नेतात. या डोहातल्या माशाला कुणी हात लावत नाही, ही तिथली जुनी रीत. सासूबाई पायरीवर बसल्या आणि मी खालच्या पायरीवरून एकेक गोळी पाण्यात टाकू लागलो. मासे वर आले. काळी पाठ, मोठं तोंड, पुन्हा खाली.

"अहो जावईबापू," सासूबाई वरून म्हणाल्या, "एकेक गोळी काय चाचपत बसलाय? मीठ नाही घातलेलं."

मी 'हं' म्हणालो, आणि पुढची गोळी बोटांत दाबून पाहिली.